आत्याचा राजदूत

आमच्याकडं राजदूत म्हटलं की अजूनही आधी दूधवाला डोळ्यांसमोर येतो. दोन्ही अंगांना दुधाचे कॅन, मागं गवताचा भारा आणि या सगळ्याच्या पुढं टाकीवर पोट टेकवून बसलेला माणूस. फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीची ही मोटारसायकल एका पोलिश गाडीवरून बेतलेली, म्हणजे जन्मानं निम्मी परदेशी. जाहिरातीत तिच्यावर धर्मेंद्र बसायचा, पण तिनं आयुष्य काढलं ते आमच्या ओढ्याकाठच्या चिखलात. त्यामुळं माझा आतेभाऊ, आमचा दादा, राजदूत झाल्याची बातमी गावात पोचली तेव्हा आमच्या दूधवाल्याचा चेहरा पडला. "एवढी वर्सं सायबाची नोकरी करून शेवटी राजदूत? आन् ती बी आता बंद झालेली?" आत्यानं त्याला समजावून सांगितलं. तो "असं व्हय" म्हणाला आणि जाताना म्हणाला, "स्पेअर पार्ट लागले तर सांगा."

असले घोळ आत्याला नवे नव्हते. दादा परीक्षा पास झाला तेव्हा पेपरात नावापुढं 'आयएफएस' एवढीच अक्षरं छापून आली होती. परराष्ट्र सेवेची आद्याक्षरं तीच आणि वनसेवेचीही तीच. आता आमच्या तालुक्यात परराष्ट्र म्हणजे बेळगावच्या पलीकडचा भाग. जंगल मात्र सगळ्यांच्या ओळखीचं. तेव्हा लोकांनी आपापल्या सोयीचा अर्थ लावला. वखारवाले शेठ पेढे घेऊन आले आणि चौकटीपुरत्या सागाचं बघा म्हणाले. पुढं दोन-तीन वर्षं कुणाच्या गोठ्याजवळ बिबट्या दिसला की माणूस आधी आत्याच्या दारात यायचा. दादा तेव्हा कैरोला होता.

वनखात्याचा गैरसमज मिटला तेव्हा खरी अडचण सुरू झाली, कारण मग दादा नेमकं करतो काय हे सांगावं लागे. कलेक्टर सांगायला सोपा असतो. त्याला जिल्हा असतो, बंगला असतो, त्याच्या सहीनं कुणाचं तरी काहीतरी अडतं. आमच्या काकांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, दादा पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा एकच प्रश्न विचारला होता, "तुला तलाठ्याची बदली करता येते का?" दादा म्हणाला, "नाही." काकांनी पानाला चुना लावला आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

तसं पाहिलं तर हा धंदा मराठी माणसाला परका नाही. पेशव्यांचे वकील दिल्लीला आणि हैदराबादला बसून पानंच्या पानं मोडीत लिहून पाठवत. दिल्लीची वकिली हिंगण्यांच्या घरात तर पिढ्या चालली. दूतावासाला आपल्याकडं 'वकिलात' म्हणत. पुढं वकील कोर्टात गेले आणि वकिलातीत बसणाऱ्यांना नाव उरलं नाही. स्वतंत्र भारतासाठी परराष्ट्र सेवा उभारायची असं 9 ऑक्टोबर 1946 ला ठरलं, आणि परीक्षा देऊन आलेली पहिली मंडळी 1948 साली रुजू झाली. पण माणसं थोडी आणि देश फार, म्हणून सुरुवातीला नाना वाटांनी लोक आणले गेले. औंधच्या राजाचे चिरंजीव अप्पासाहेब पंत 1948 मध्ये भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला गेले, पुढं सिक्कीम, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, लंडन, रोम असा प्रवास त्यांनी केला. वडिलांनी उभ्या महाराष्ट्राला सूर्यनमस्कार घालायला लावले होते. मुलाला दुसऱ्या देशांच्या राष्ट्रप्रमुखांना नमस्कार घालायचं काम मिळालं. नंतर राजपुत्रांची गरज उरली नाही. शिरोळ तालुक्यातल्या अब्दुल लाटचे ज्ञानेश्वर मुळे 1983 च्या तुकडीतून थेट टोकियोला पोचले, जपानी शिकले, पुढं मालदीवला उच्चायुक्त झाले. आत्या हे उदाहरण पाहुण्यांना नेहमी देत असे. त्यावर पाहुणे विचारत, "लाटला त्यांची जमीन किती?"

कौटिल्यानं दूतांचे तीन प्रकार सांगितलेत. अमात्याचे सगळे गुण ज्याच्या अंगी तो निसृष्टार्थ, त्यानं आपल्या अकलेनं बोलणी करावीत. पाव गुण कमी तो परिमितार्थ, त्यानं नेमून दिलेलं काम करावं. निम्मे गुण कमी तो शासनहर, त्यानं नुसता निरोप पोचवावा. दादाचं म्हणणं असं की, मोबाइल आल्यापासून सगळेच शासनहर झाले. राजधानीतून दिवसाला चार निरोप येतात, आणि पाचवा येतो तो आधीचे चार विसरा असं सांगायला. कौटिल्य आणखीही एक सांगून ठेवतो, दूतानं मद्य आणि स्त्री टाळावी आणि झोपताना एकट्यानं झोपावं, कारण झिंगलेला आणि झोपलेला माणूस पोटातलं ओठावर आणतो. ही सूचना वहिनींना कुणी वाचून दाखवली कोण जाणे, पण लग्नानंतर दादाच्या टेबलावरून अर्थशास्त्र नाहीसं झालं.

मसुरीला सगळ्या सेवांचं मिळून शिक्षण होतं, मग दिल्लीत परराष्ट्र सेवेच्या स्वतःच्या संस्थेत. आता तिला सुषमा स्वराजांचं नाव आहे. तिथं काटे-चमचे शिकवतात असा लोकांचा समज असतो. काट्या-चमच्यांचं काम दोन दिवसांत संपतं. खरा अभ्यास असतो मानपानाचा. कोण कुणाच्या उजवीकडं बसणार, गाडीत कुठल्या दारानं चढणार, कुणाचं नाव आधी. दादा हे सगळं फार गंभीरपणे सांगत होता तेव्हा आत्या म्हणाली, "यासाठी दिल्लीला कशाला जायचं? आपल्या धाकट्या मामाच्या लग्नात यायचं होतंस." त्या लग्नात वराच्या मावशीचे यजमान दुसऱ्या पंगतीला बसवले म्हणून जेवण न करता एसटी स्टँडवर जाऊन बसले होते. त्यांना परत आणायला तीन शिष्टमंडळं गेली. चौथ्या वेळी आत्या स्वतः गेली आणि त्यांची पिशवीच घेऊन आली. पिशवीत त्यांचा चष्मा होता.

युरोपातले राजेरजवाडे याहून पुढं गेलेले होते. 1661 मध्ये लंडनला स्वीडनचा राजदूत यायचा होता, त्याच्या स्वागताच्या मिरवणुकीत कुणाची बग्गी पुढं यावरून फ्रान्स आणि स्पेनच्या राजदूतांची माणसं भर रस्त्यात एकमेकांवर तुटून पडली आणि माणसं मेली. आपल्याकडच्या वराती निदान बँडवाल्यावर भागतात. शेवटी 1815 च्या व्हिएन्ना परिषदेत तोडगा निघाला की देश मोठा का छोटा हे बघायचं नाही, जो आधी रुजू झाला तो पुढं. त्यामुळं आजही एखाद्या राजधानीत सगळ्यांत जुना राजदूत चिमुकल्या बेटाचा असेल तर तोच सगळ्या राजदूतांचा म्होरक्या, आणि महासत्तेचा माणूस कालच आला असेल तर रांगेत शेवटी. एसटीत रुमाल टाकून जागा धरण्याचं तत्त्व ते हेच.

या नोकरीत माणूस लागतो तो 'थर्ड सेक्रेटरी' म्हणून. आत्यानं विचारलं, "पहिले दोन कोण?" पण या तिसऱ्या सचिवाला सुरुवातीला सचिवाचंही काम नसतं. त्याला एक परदेशी भाषा नेमून दिली जाते आणि तो त्या देशात जाऊन बाकावर बसतो. परीक्षा पास होईपर्यंत नोकरी पक्की होत नाही. दादाला अरबी मिळाली. अरबी आपल्याला सोपी जाईल असं त्याला वाटलं, कारण निम्मी कचेरी आपण तिथूनच उचललेली. वकील, कायदा, तारीख, हजर. घात इथंच झाला. अरबीत 'हरकत' म्हणजे हालचाल. दादा महिनाभर 'हरकत नाही' या अर्थानं जे बोलत होता त्याचा अर्थ समोरच्याला 'काही हालत नाही' असा लागत होता, आणि सरकारी कचेरीत ते इतकं पटण्यासारखं होतं की कुणी त्याला दुरुस्तही केलं नाही. घरमालकीण एकदा त्याच्याविषयी शेजारणीला 'गरीब' म्हणाली. दादाला गहिवरून आलं, पगार उशिरा झाल्याचं हिला कळलं की काय म्हणून. तिकडं गरीब म्हणजे परका, विचित्र. त्यानंतर तो शब्दकोश उशाशी घेऊन झोपू लागला. कौटिल्याची अटही पाळली गेली.

भाषा येऊ लागली की तिच्यात काहीही न बोलण्याचं शिक्षण सुरू होतं. दादा दिल्लीत अवर सचिव असताना मी त्याच्याकडं आठ दिवस राहिलो होतो. तेव्हा त्यानं मला 'नोट वर्बाल' नावाचा प्रकार समजावून सांगितला. वर्बाल म्हणजे तोंडी. ही तोंडी चिठ्ठी कायम लेखी असते. ती कुणी कुणाला लिहीत नाही. एक दूतावास एका मंत्रालयाला लिहितो, तेही तृतीय पुरुषात. सुरुवातीला दूतावास आपले आदरपूर्वक प्रणाम पोचवतो. मधे तुमच्या माणसानं आमच्या भिंतीवर गाडी घातली आणि वर शिवीही दिली, असा मजकूर असतो. शेवटी आपल्याविषयीच्या परमादराची पुन्हा एकवार ग्वाही देण्याची ही संधी दूतावास साधतो. मला हसू आलं तसा दादा म्हणाला, "हसतोस काय? आजोबांची पत्रं काढून बघ." खरंच होतं. आमच्या आजोबांनी बांधाच्या भांडणात चुलतभावाला पंधरा वर्षं पत्रं लिहिली. प्रत्येक पत्र 'सा. न. वि. वि.' नं सुरू होई आणि 'लोभ असावा' नं संपे. मधल्या मजकुरावर दोन दिवाणी दावे उभे राहिले.

विनोद मात्र दादानं सोडला तो त्या काळातच. हेन्री वॉटन नावाच्या इंग्रज वकिलाची गोष्ट त्याला तिथल्या कुणी वरिष्ठांनी सांगितली होती. 1604 मध्ये व्हेनिसला रुजू व्हायला जाताना वॉटन ऑग्सबर्गला थांबला आणि यजमानाच्या वहीत त्यानं राजदूताची एक व्याख्या लिहून ठेवली. देशाच्या भल्यासाठी परमुलखात पाठवलेला सज्जन, असं काहीसं. गंमत अशी की इंग्रजीत मुक्काम करणं आणि खोटं बोलणं याला एकच क्रियापद आहे, त्यावर तो कोटी करत होता. पण वहीत लिहिलं लॅटिनमध्ये. लॅटिनमध्ये मुक्काम उडाला, नुसतं खोटं बोलणं उरलं. काही वर्षांनी राजाच्या एका वैऱ्यानं ते शोधून छापलं आणि राजेसाहेबांची मर्जी गेली. तेव्हापासून आमचा दादा कोटी सुचली की पाणी पितो. घरच्या लग्नकार्यात तो सारखा पाणी पिताना दिसतो ते यामुळं.

मधली पंधरा-वीस वर्षं सांगण्यासारखी नाहीत, म्हणजे त्यालाच ती सांगता येत नाहीत. आम्हाला दिसायचं ते एवढंच की, दर तीन वर्षांनी गणपती, समई आणि प्रेशर कुकर पेटीत जायचे आणि दुसऱ्याच हवेत बाहेर निघायचे. मुलांची शाळा बदलायची, मुळाक्षरं बदलायची. देशांनाही प्रती लावलेल्या असतात, अ, ब, क आणि काहींना पुढं तारा. हॉटेलला तारा लागला की सुख वाढतं. इथं 'क'पुढं तारा लागला की पाणी उकळून प्यायचं.

या काळातलं मोठं काम म्हणजे पाहुणे. अभ्यासदौऱ्यावर येणाऱ्या शिष्टमंडळांना विमानतळावर घ्यायला जाणं आणि पुन्हा विमानात बसवून देणं. अभ्यास मधल्या वेळात बाजारात होतो. एकदा एका मंडळानं सांडपाण्यावरच्या सादरीकरणात "इथं मऊ भात कुठं मिळेल?" एवढा एकच प्रश्न विचारला होता. दादानं यजमानांना त्याचा अनुवाद 'शिष्टमंडळाला स्थानिक शेतीविषयीही उत्सुकता आहे' असा करून सांगितला. मग तांदळावर अर्धा तास माहिती ऐकावी लागली.

आणि महाराष्ट्र मंडळ. लंडनचं 1932 पासूनचं, ते जुनं खानदान. दादा होता त्या गावी मराठी घरं साठ आणि मंडळं दोन. पहिलं फुटून दुसरं झालं ते मोदक उकडीचे की तळणीचे यावरून, असं एक मंडळ म्हणे. हिशेबावरून, असं दुसरं. दोन्हींचे गणपती एकाच दिवशी, आरती एकाच वेळी आणि प्रमुख पाहुणा एकच. दादाच्या आयुष्यातली सगळ्यांत नाजूक बोलणी ही, असं तो अजून म्हणतो. शेवटी एकाकडं तो स्थापनेला गेला, दुसऱ्याकडं विसर्जनाला. पहिले म्हणाले, "निरोपाला गेलात म्हणजे जवळचे तेच." तो पाणी प्यायला.

एका गोष्टीविषयी मात्र मी त्याला कधी चिडवलं नाही. 1990 च्या ऑगस्टमध्ये इराकनं कुवेत घेतलं आणि तिथली आपली माणसं वाळवंट तुडवत अम्मानला येऊन पडली. सुमारे 1,70,000 लोक, त्यांच्यासाठी 488 विमानफेऱ्या झाल्या. दादाला अरबी येते म्हणून तिकडं मदतीला धाडलं होतं. पासपोर्ट मालकाकडं राहिलेले, काहींकडं नुसत्या चिठ्ठ्या, आयाबायांच्या कडेवर पोरं. तो दिवसभर टेबलाशी बसून कोरे प्रवासदाखले लिहायचा. परतल्यावर आत्यानं त्याचा उजवा हात धरून बघितला, बोटाला पेनाचा घट्टा पडला होता. काकांनी त्या दिवशी त्याला स्वतःच्या हातानं पान लावून दिलं.

वहिनींना लोक मॅडम म्हणत आणि सगळी कामं सांगत. मेजवानीला चाळीस माणसं, पगार शून्य. पण त्या मुथम्माबाईंचं नाव निघालं की वहिनी ताठ बसतात. सी. बी. मुथम्मा 1949 मध्ये परराष्ट्र सेवेत आलेल्या पहिल्या बाई. तेव्हा नियम असा की बाईनं लग्न करायचं तर आधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची, आणि पुढं संसाराचा कामात अडथळा होतोय असं सरकारला वाटलं तर राजीनामा द्यायचा. पुरुषांच्या संसाराचा अडथळा होत नसे, कारण तो वहिनींसारख्यांच्या अंगावर असे. मुथम्मा 1970 मध्ये हंगेरीत राजदूत झाल्या, पुढं बढती अडली तेव्हा सरळ सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सुनावणी यायच्या आत सरकारनं घाईनं बढती देऊन टाकली. तरीही 1979 मध्ये न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्या नियमांची जी काढायची ती काढलीच. लग्नाला परवानगी मागणारं सरकार हे ऐकून आत्या म्हणाली होती, "आमच्या वेळी पत्रिकेवर भागायचं."

पत्रिका या नोकरीतही असते, फक्त ती तिशीत न बघता पन्नाशी गाठताना बघतात. दादाला मिशनचा प्रमुख नेमायचं ठरलं तेव्हा त्याचं टिपण आधी गुपचूप त्या देशाकडं गेलं. याला अॅग्रेमाँ म्हणतात. होकार येईपर्यंत बाहेर बोलायचं नाही. नकार आला तर कारण द्यायला तो देश बांधील नाही. 1961 च्या व्हिएन्ना करारात तसं कलमच आहे. मुलीकडच्यांनी 'गुण जुळत नाहीत' एवढंच कळवायचं, ही आपली जुनी रीत शंभरावर देशांनी मान्य केलेली पाहून मला बरं वाटलं.

होकार आला. पण देश निघाला राष्ट्रकुलातला, आणि राष्ट्रकुलात एकमेकांकडं राजदूत पाठवत नाहीत, उच्चायुक्त पाठवतात. गावाला पुन्हा वनखातं आठवलं. आयुक्त म्हणजे महापालिकेचा, हे सगळ्यांना ठाऊक. आता त्याच्याही वरचा उच्च आयुक्त म्हटल्यावर पुण्यातले तीन नातेवाईक गुंठेवारीची कागदपत्रं घेऊन आत्याकडं आले. त्यानंतरच्या नेमणुकीला दादा खराखुरा राजदूत झाला, तेव्हा दूधवाल्यानं विचारलं ते वर सांगितलंच.

रुजू व्हायचं म्हणजे आपल्या राष्ट्रपतींच्या सहीचं परिचयपत्र त्या देशाच्या राष्ट्रप्रमुखाच्या हाती द्यायचं, आणि सोबत आधीच्या राजदूताला परत बोलावल्याचं पत्रही. आपण आलो आणि तो गेला, हे एकाच दमात. लंडनला नव्या राजदूताला घोड्यांच्या बग्गीतून राजवाड्यावर नेतात. टोकियोत बग्गी हवी की मोटार, असं विचारतात. आत्यानं ते कुठंतरी टीव्हीवर बघितलं होतं, त्यामुळं तिनं फोनवर पहिला प्रश्न केला तो घोडे पांढरे होते का. दादाच्या नशिबी मोटार होती. शिवाय त्याच दूतावासाकडं शेजारच्या आणखी दोन देशांचाही कारभार होता, म्हणजे पाच महिन्यांत त्यानं तीनदा बंद गळ्याचा कोट चढवला, तीनदा तेच पत्र दिलं, तीनदा आपल्या दोन देशांचे संबंध पुरातन असल्याचं सांगितलं. आत्याच्या मते हे नव्या नवऱ्यासारखं झालं, गावोगावच्या केळवणाला एकच सदरा.

आत्या त्याच्याकडं दोन महिने राहून आली. गाडीवरचा झेंडा तिला फार आवडला. पण राजदूत गाडीत नसला की झेंड्यावर खोळ चढते हे बघून ती हिरमुसली. मंडईत तिला झेंड्यासकट जायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं, "लेका, खरं सांग, तू इथं करतोस काय?" दादानं तीस वर्षांत पहिल्यांदा सरळ उत्तर दिलं. म्हणाला, "आई, भांडण झालं नाही तर माझं काम झालं." आत्या म्हणाली, "मग ते दिसायचं कसं?"

साठाव्या वर्षी तो निवृत्त झाला आणि पुण्यात सिंहगड रस्त्यावर फ्लॅट घेऊन राहिला. गाडी गेली, झेंडा गेला. 'युवर एक्सलन्सी' म्हणणारं कुणी उरलं नाही, वॉचमन 'काका' म्हणतो. तीन महिन्यांत सोसायटीच्या सभेत सगळ्यांनी एकमतानं त्याला सेक्रेटरी केलं. नोकरीची सुरुवात तिसरा सेक्रेटरी म्हणून झाली होती, म्हणजे तसं बघितलं तर दोन पायऱ्या चढला.

पहिलंच प्रकरण चौथ्या मजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर होणाऱ्या गळतीचं. गळती सात वर्षांची, अबोला पाच वर्षांचा. दादानं दोघांना आपल्या घरी चहाला बोलावलं, खुर्च्या समान अंतरावर मांडल्या, बिस्किटांच्या बशाही सारख्या. दोन तास बैठक चालली. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर कागद लागला: उभय सदनिकाधारकांमध्ये खुल्या आणि स्नेहपूर्ण वातावरणात चर्चा झाली, परस्परहिताच्या सर्व विषयांवर विचारविनिमय झाला, चर्चा पुढं चालू ठेवण्याचं ठरलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तो कागद दोनदा वाचला आणि बादली रिकामी करायला वर गेले.

शेवटी प्लंबर त्याच्याकडं राहायला आलेल्या आत्यानंच बोलावला. गॅलरीतून हाक मारून. त्यानं कुठलासा नळ घट्ट केला, तीनशे रुपये घेतले. दादानं त्याला बसवून चहा दिला, दोन्ही मजल्यांच्या वतीनं आभार मानले आणि सवयीनं लिफ्टपर्यंत पोचवायला गेला. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत हात जोडून उभा होता. गळती अजून थोडी आहे. तो परिस्थितीवर बारकाईनं लक्ष ठेवून आहे.